डीव्हीडी-व्हीसीडी उतरवून घरचा मीडिया सर्व्हर लावताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं घर वेंगुर्ला तालुक्यात, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. गेली काही वर्षं नातेवाईक आणि शेजारी बिस्किटांच्या डब्यांतून डिस्क कॉम्प्युटरवर उतरवायला आणून देतात आणि तेच ते प्रश्न विचारतात. ती सगळी उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत. मी घरी जेलीफिन वापरतो (उतरवून ठेवलेल्या फाइली घरातल्या टीव्हीवर दाखवणारं सॉफ्टवेअर, म्हणजेच मीडिया सर्व्हर), त्यामुळे उदाहरणं त्याचीच आहेत. प्लेक्स किंवा कोडी वापरणाऱ्यांनाही यातलं बहुतेक लागू पडेल.

डब्यात दोनशे डिस्क आहेत. सुरुवात कुठून करू?

जी डिस्क जगात दुसरीकडे कुठेच मिळणार नाही, तिच्यापासून. सगळे उलटं करतात. आधी हिंदी सिनेमे उतरवतात, कारण त्यांची पोस्टरं आपोआप येतात आणि टीव्हीवर कसं छान दिसतं! तो सिनेमा उद्याही कुठेतरी मिळेल. पण २००८ च्या जत्रेत कुणीतरी कॅमेरा लावून घेतलेलं दशावतारी नाटक, वाडीतल्या मांडावरची डबलबारी (दोन भजनी बुवांचा सामना), शिमग्यातलं नमन, काकांचं लग्न, या गोष्टींची प्रत तुमच्या डब्यातली तेवढीच असण्याची शक्यता दांडगी.

म्हणून डिस्कचे तीन ढीग करा. घरी किंवा फोटोग्राफरने बर्न केलेल्या डिस्क पहिल्या. खालची बाजू जांभळट, निळसर किंवा हिरवट दिसली की ती बर्न केलेली समजा. त्यातला रंगाचा थर ऊन, उष्णता आणि दमटपणाने हळूहळू मरतो. दुसरा ढीग स्थानिक कंपन्यांनी काढलेल्या भजनांच्या आणि नाटकांच्या व्हीसीडींचा. त्यांतल्या बऱ्याच कंपन्या आता शोधूनही सापडत नाहीत. तिसऱ्या ढिगात सिनेमे. तो ढीग पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबला तरी चालेल.

व्हीसीडी आणि डीव्हीडी एकाच पद्धतीने उतरवायच्या का?

नाही. व्हीसीडी लावल्यावर तिच्यात ‘एमपीईजीएव्ही’ नावाचं फोल्डर दिसतं आणि त्यात ‘डॅट’ शेपटीची एक मोठी फाइल असते. ती सरळ कॉपी करा. व्हीएलसीमध्ये ती तशीच चालते, पण सर्व्हरवर टाकण्याआधी एफएफएमपेग या सॉफ्टवेअरने तिचं फक्त वेष्टण बदलून एमकेव्ही फाइल करा. पुन्हा एन्कोड करू नका, म्हणजे चित्र नव्याने दाबून लिहू नका. चित्र मुळातच ३५२ बाय २८८ चं, एमपेग-१ मधलं. त्यातून आणखी काही गेलं तर राजाचा मुकुट आणि मागचा पडदा वेगळा ओळखता येणार नाही. ‘एआय’ने चित्र मोठं करून देणारी सॉफ्टवेअर मी दोनदा वापरली. दशावतारातल्या संकासुराचा मुखवटा त्यांनी गुळगुळीत प्लास्टिकचा करून टाकला. नको.

व्हीसीडीवर साधारण ७४ ते ८० मिनिटं मावतात, म्हणून नाटक दोन-तीन डिस्कवर विभागलेलं असतं. ते तुकडे एकाच फोल्डरमध्ये ठेवा, फाइलचं नाव अगदी एकसारखं द्या आणि शेवटी ‘-पार्ट१’, ‘-पार्ट२’ जोडा (रोमन अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत). जेलीफिन त्यांना एकच समजून पाठोपाठ लावतं.

डीव्हीडीत ‘व्हिडिओ_टीएस’ फोल्डर असतं आणि चित्रपट प्रत्येकी जास्तीत जास्त एक जीबीच्या व्हीओबी फाइलींत चिरलेला असतो. त्या हाताने जोडत बसू नका, मधल्या सांध्यांवर आवाज सरकतो. मेकएमकेव्ही या प्रोग्रामला डिस्क दाखवली की तो प्रत्येक टायटलची (डिस्कवरच्या प्रत्येक सलग व्हिडिओची) वेगळी अखंड एमकेव्ही फाइल काढून देतो, दर्जा तसूभरही न घटवता.

मेकएमकेव्ही दहा-बारा टायटल दाखवतो. त्यातलं खरं कोणतं?

लांबी बघा. सव्वादोन तासांचं टायटल म्हणजे सिनेमा, बाकीचे ट्रेलर, मुलाखती आणि कंपनीच्या जाहिराती. मालिकेच्या डिस्कवर मात्र फसायला होतं. बावीस-बावीस मिनिटांचे चार भाग आणि त्याच चारांचं मिळून एक अठ्ठ्याऐंशी मिनिटांचं टायटल, असं दोन्ही असतं. छोटे घ्या, मोठं सोडा. फक्त मोठंच असेल तर एमकेव्हीटूलनिक्समध्ये चॅप्टरच्या जागी कापता येतं.

एक सेटिंग नक्की तपासा. मेकएमकेव्ही दोन मिनिटांपेक्षा लहान टायटल मुळात दाखवतच नाही. जाखडीच्या (कोकणातल्या नाचगाण्याच्या) एका डिस्कवरचे सुरुवातीचे गण त्यामुळेच माझ्या नजरेतून सुटले होते.

आयएसओ ठेवू की एमकेव्ही?

मेनूसकट डिस्क जशीच्या तशी हवी असेल तर आयएसओ, म्हणजे अख्ख्या डिस्कची एकच फाइल. कोडी ती मेनूसकट लावतो. जेलीफिन बहुधा लावतं, पण मेनू दिसत नाही. प्लेक्सला आयएसओ चालतच नाही. लग्नाच्या डीव्हीडीचा तो गुलाबी हृदयं उडणारा मेनू घरच्यांना हवाच असतो, म्हणून तेवढ्यांची आयएसओ मी वेगळी जपून ठेवतो. रोज बघायला एमकेव्ही.

किती जागा लागेल?

एकपदरी डीव्हीडीची क्षमता ४.७ जीबी, दुपदरीची ८.५ जीबी. न दाबता उतरवलेला सिनेमा सरासरी सहा जीबी धरा. तीनशे सिनेमे म्हणजे १.८ टीबी. व्हीसीडी पाऊणएक जीबीत मावते. ४ टीबीची हार्ड डिस्क बहुतेक घरांना पुरून उरते. तरी जागा कमी पडलीच तर हँडब्रेकमधून एच.२६४ मध्ये, क्वालिटीचा आकडा १८ ते २२ च्या दरम्यान ठेवून, सिनेमे दाबा. स्थानिक डिस्क दाबू नका.

डिस्कवर बुरशीची नक्षी उठली आहे. ड्राइव्ह नुसता गरगरतो.

आमच्याकडे जून ते सप्टेंबर कपाटातल्या चपला हिरव्या होतात, डिस्क कुठून सुटणार! आधी कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाचा एक थेंब. मऊ सुती कापडाने मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ रेषेत पुसायचं. गोल गोल फिरवून पुसू नका. माहितीचा माग डिस्कवर गोलाकार असतो, त्याच्या बाजूने लांब चरा उमटला की वाचणं कठीण होतं. टूथपेस्टचा उपाय कुणी सांगितला तर हसून सोडून द्या.

छापलेल्या बाजूला जास्त जपा. सीडी आणि व्हीसीडीत चकाकणारा थर वरच्या बाजूला, लेबलाच्या लगेच खाली असतो. तिथे नखाने खरवडलं तर तेवढा भाग कायमचा गेला. डीव्हीडीत तो थर दोन चकत्यांच्या मध्ये असल्याने ती थोडी बरी. कागदी स्टिकर सुटत आलं असेल तर ओढून काढू नका. सिनेमाच्या डीव्हीडीचं एक वेळ निभावेल, व्हीसीडीवरून ओढलंत तर स्टिकरबरोबर नाटकही हातात येईल.

धुऊनही वाचली नाही तर दुसरा ड्राइव्ह लावून बघा. हा उपाय लोकांना फार बाळबोध वाटतो, पण माझ्या अनुभवात निम्म्या ‘मेलेल्या’ डिस्क दुसऱ्या ड्राइव्हवर उठून बसल्या. भंगारात निघालेल्या डेस्कटॉपचे जाडजूड ड्राइव्ह लॅपटॉपच्या पातळ ड्राइव्हपेक्षा चिवट असतात. मी तीन जमवून ठेवलेत. घरच्या डिस्कसाठी त्यानंतरची पायरी म्हणजे डीडीरेस्क्यू हा खराब डिस्क वाचणारा प्रोग्राम. आधी चांगला भाग उचलतो, मग अडलेल्या जागी परत परत जातो आणि कुठवर पोचलो त्याची नोंद एका मॅप फाइलीत ठेवतो. म्हणजे मध्येच लाइट गेली तरी काम पहिल्यापासून करावं लागत नाही. तीच मॅप फाइल देऊन दुसऱ्या ड्राइव्हवर उरलेलं वाचता येतं.

हँडीकॅमची छोटी डीव्हीडी रिकामी दिसते.

ती बहुधा फायनलाइज केलेली नाही, म्हणजे रेकॉर्डिंगनंतर डिस्क बंद करायची शेवटची पायरी राहिली आहे. तो कॅमेरा अजून चालत असेल तर त्यातच घालून फायनलाइज करा, मग कॉम्प्युटरवर दिसेल. आणि ती आठ सेंटिमीटरची चकती फटीतून ओढून घेणाऱ्या ड्राइव्हमध्ये घालू नका. आत गेली की बाहेर यायला स्क्रू-ड्रायव्हर लागतो.

सिनेमांचे फोल्डर कसे लावू?

प्रत्येक सिनेमाला स्वतःचं फोल्डर. नाव, पुढे कंसात प्रदर्शनाचं वर्ष. आतल्या फाइलीलाही तेच नाव. वर्ष विसरू नका, एकाच नावाचे दोन-तीन सिनेमे आपल्याकडे सर्रास असतात. मालिकेला तिच्या नावाचं फोल्डर, त्यात ‘सीझन ०१’, आणि भागाच्या नावात ‘एस०१ई०१’ (हेही रोमन अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत). मुलाखती आणि ट्रेलर त्याच सिनेमाच्या फोल्डरमध्ये ‘एक्स्ट्राज’ नावाच्या फोल्डरमध्ये. यापलीकडे डोकं लावू नका. ‘मराठी’, ‘विनोदी’, ‘बाबांचे आवडते’ असे फोल्डर करत बसलात तर विनोदी मराठी सिनेमा, जो बाबांना आवडतो, तो कुठे ठेवणार? त्यासाठी जेलीफिनमध्ये टॅग आणि कलेक्शन आहेत.

दशावताराला भलत्याच सिनेमाचं पोस्टर आलं. सर्व्हर ओळखत का नाही?

ओळखेल कसा? सर्व्हर नाव घेऊन इंटरनेटवरच्या चित्रपटांच्या यादीत शोधतो आणि आपलं नाटक त्या यादीत नाही. पौराणिक आख्यानाच्या नावाचा एखादा जुना सिनेमा सापडला की त्याचंच पोस्टर आणून चिकटवतो. आमच्याकडे जत्रेतल्या एका नाटकावर कृष्णधवल तमिळ नायक महिनाभर हसत होता.

या डिस्कसाठी वेगळी लायब्ररी करा. प्रकार ‘मूव्हीज’च ठेवा, पण माहिती आणि चित्रं आणणारे इंटरनेटचे सगळे पर्याय बंद करा. ‘एनएफओ’ (माहितीची छोटी फाइल) सेव्ह करणं आणि चित्रं मीडिया फोल्डरमध्येच ठेवणं हे दोन पर्याय चालू करा. मग तुम्ही भरलेली माहिती सर्व्हरच्या पोटात अडकत नाही, फाइलीशेजारीच राहते. उद्या सर्व्हर बदलला तरी ती सोबत जाते.

आता नाव. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, नट उभ्या उभ्या बोलतात. त्यामुळे आख्यान तेच असलं तरी मंडळ बदललं की नाटक बदलतं, आणि मंडळ तेच असलं तरी दोन रात्री सारख्या नसतात. नुसतं आख्यानाचं नाव दिलंत तर वर्षभराने तुम्हालाच चार फाइलींत फरक कळणार नाही आणि ‘डुप्लिकेट’ म्हणून त्यातल्या तीन उडवाल. मी असा क्रम ठेवतो: आख्यान, मंडळ, गाव, वर्ष. वर्ष माहीत नसेल तर जागा रिकामी. अंदाजाने लिहू नका, एकदा लिहिलेला अंदाज पुढे पुरावा होऊन बसतो.

डबलबारीला दोन्ही बुवांची नावं द्या, आधी पहिली बारी घेणाऱ्याचं. एका बुवाच्या नावाने ठेवलं तर दुसऱ्याचे चाहते नाराज होतात, आणि ते रास्तच आहे. तीन-चार तासांचं रेकॉर्डिंग सलग बघणारे थोडे असतात. म्हणून एमकेव्हीटूलनिक्समध्ये चॅप्टर घालून अभंग, गवळण, गजर अशी नावं देऊन टाका. अर्ध्या तासाचं काम आहे, पण गजरावर थेट उडी मारता आली की माणसं खूश. रत्नागिरीकडच्या जाखडीत शक्तीवाले आणि तुरेवाले या दोन बाजूंचे टॅग पुरतात.

पोस्टर म्हणून कव्हरचाच दिवसाउजेडी फोनने फोटो काढा आणि ‘पोस्टर’ नावाने (रोमन अक्षरांत) त्या फोल्डरमध्ये ठेवा. मागच्या बाजूचाही फोटो घ्या. पेटी, पखवाज, झांज कुणाची, हे सगळं तिथेच बारीक अक्षरांत छापलेलं असतं. कव्हर नसेल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला सोबत बसवा. शेजारच्या आजी मला म्हणाल्या, “झिला, माका तां नाटक लाव, मगे सांगतंय.” लावलं, तर राजा कोण, राक्षस कोण, स्त्रीपार्ट कुणाचा आणि तो नट कुठल्या मंडळातून कुठल्या मंडळात गेला, सगळं एका बैठकीत. मी ‘कलाकार’च्या रकान्यात भूमिकेसकट भरत गेलो. आता एका नटाच्या नावावर दाबलं की त्याची घरातली सगळी नाटकं समोर येतात.

फाइलची नावं मराठीत दिली तर चालतात का?

चालतात, पण दोन खाचा आहेत. लिनक्सवर फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा असते आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. काना, मात्रा, वेलांटी, सगळं वेगळं मोजून. म्हणजे हातात फार तर ८५ चिन्हं. ‘पारंपरिक’, ‘दशावतार’, ‘नाट्यमंडळ’ यातच पंचवीसेक संपतात. दुसरी खाच ‘ऱ’ची. ‘दर्यावरच्या’ला काही होत नाही, पण ‘खाऱ्या’मधला ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो, अखंड किंवा ‘र’ला नुक्ता देऊन. दिसायला अगदी जुळे, पण कॉम्प्युटरला वेगळे. जुन्या मॅकवरून आलेली फाइल म्हणूनच शोधात सापडत नाही.

मी फाइल आणि फोल्डर रोमन अक्षरांत ठेवतो आणि जेलीफिनमधल्या शीर्षकाच्या रकान्यात झोकात मराठी लिहितो. टीव्हीवर दिसतं ते शीर्षकच. पेन ड्राइव्ह थेट लावला तर जुन्या टीव्हीवर देवनागरी नावांच्या जागी नुसते चौकोन येतात, तो त्रासही वाचतो. आणि तो पेन ड्राइव्ह ‘फॅट३२’ असेल तर चार जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर जाणारच नाही. ‘जागा आहे तरी कॉपी का होत नाही?’ याचं उत्तर दर वेळी हेच.

लग्नाच्या डीव्हीडी?

सिनेमांत मिसळू नका. ‘होम व्हिडिओज’ प्रकारची वेगळी लायब्ररी. नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग कुणाचं लग्न. त्यामुळे फाइली आपोआप काळाच्या क्रमाने लागतात. तारीख डिस्कच्या फाइलींवरून घेऊ नका, ती बर्न केल्याची असते आणि आमच्याकडचे फोटोग्राफर लग्नानंतर सहा महिन्यांनी डिस्क द्यायचे. पत्रिका शोधा. हळद, लग्न, पूजा असे भाग वेगळे ठेवा.

सर्व्हर म्हणून काय घेऊ?

जुना लॅपटॉप. त्याची बॅटरी हाच यूपीएस. आमच्याकडे वारा सुटला की लाइट जाते, आणि हार्ड डिस्कवर लिहिणं चालू असताना गेलेली लाइट फार महागात पडते. पण बाहेरची मोठी ३.५ इंची हार्ड डिस्क स्वतःच्या अ‍ॅडॉप्टरवर चालते, लॅपटॉपची बॅटरी तिला वाचवत नाही. तिला इन्व्हर्टरवर घ्या. लॅपटॉपची बॅटरी फुगतेय का, हे महिन्यातून एकदा बघा. फुगली की लगेच काढा. विजा चमकायला लागल्या की प्लगबरोबर राउटरची वायरही उपसा. माझा पहिला सर्व्हर प्लग काढलेला असताना नेटवर्कच्या वायरीतून जळला.

इंटरनेट गेलं तरी जेलीफिन घरातल्या घरात चालू राहतं. पावसाळ्यात हीच त्याची खरी किंमत.

चित्रात आडव्या दातेरी रेषा दिसतात. सबटायटल लावलं की अडकतं.

रेषा इंटरलेसिंगच्या. आपल्याकडच्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ चित्रं, आणि कॅमेऱ्यावर घेतलेल्या कार्यक्रमांत प्रत्येक चित्र दोन अर्ध्यांत विभागलेलं. प्लेअरमध्ये डीइंटरलेस चालू करा. हँडब्रेकमध्ये डीकोंब. मूळ फाइल तशीच राहू द्या.

डीव्हीडीची सबटायटल म्हणजे अक्षरं नसून चित्रं असतात. पुष्कळ टीव्हींना ती समजत नाहीत, मग सर्व्हरला ती चित्रावर छापून सगळा व्हिडिओ नव्याने बनवावा लागतो आणि जुन्या लॅपटॉपची दमछाक होते. ‘सबटायटल एडिट’ हे सॉफ्टवेअर वापरून त्यांची एसआरटी, म्हणजे साध्या अक्षरांची फाइल, करा. बाहेरून उतरवलेलं सबटायटल हळूहळू मागे-पुढे सरकत असेल तर तो पालचा परिणाम. २४ चित्रांचा सिनेमा २५ ने पळवलेला असतो, म्हणून दोन तासांचा एक तास पंचावन्न मिनिटांत संपतो.

मुंबईतल्या मुलाला इथला सर्व्हर बघता येईल?

टेलस्केल (लांबचे कॉम्प्युटर खासगी नेटवर्कने जोडणारं सॉफ्टवेअर) दोन्हीकडे टाका, राउटरची खटपट करावी लागत नाही. डीव्हीडीचा प्रवाह सेकंदाला दहा मेगाबिटच्या आत असतो, तेवढा अपलोडचा वेग इथून मिळायला हवा.

बॅकअप कुठे ठेवू?

दुसऱ्या गावात. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं. एकाच घरात दोन प्रती म्हणजे एकच प्रत. आमची सोय सोपी आहे: चाकरमानी भावाकडे दुसरी डिस्क असते. गणपतीत तो आणतो, पाच दिवसांत आम्ही नवीन भर घालतो, तो परत नेतो. शिमग्याला पुन्हा. सगळंच नेणं जमत नसेल तर पहिल्या दोन ढिगांतलं न्या.

हे कायद्याने चालतं का?

स्वतःच्या लग्नाची डिस्क उतरवण्यात काही प्रश्न नाही. बाजारातल्या सिनेमाच्या डीव्हीडीवर सहसा कॉपी रोखणारं कुलूप असतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली आलेलं कलम ६५अ असं सांगतं, की हक्कांचा भंग करण्याच्या हेतूने असं कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. म्हणून विकत घेतलेली डिस्क, आपल्या घरापुरती. प्रती वाटणं, गावच्या ग्रुपवर टाकणं नाही. भजनांच्या व्हीसीडींनाही हेच लागू, बुवांच्या पोटावर पाय कशाला?

उतरवून झाल्यावर मूळ डिस्क टाकून देऊ?

बर्न केलेल्या आणि स्थानिक ठेवा. उभ्या, कव्हरमध्ये, घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या टाकून. सिनेमांच्याही ठेवलेल्या बऱ्या, विकत घेतल्याचा तोच पुरावा.

आमच्याकडे बाद डिस्क परड्यात चिकूला टांगतात, चकाकीने वटवाघळं आणि माकडं पळतात म्हणे. माकडं त्यात स्वतःचं तोंड बघून चिकू खातात. टांगण्याआधी उतरवली आहे ना, एवढं बघा. गेल्या मे महिन्यात काकांच्या झाडावर एकीवर मार्करने लिहिलेलं ‘डबलबारी, मूळ प्रत’ वाचता आलं. काढून आणली, धुतली, तिन्ही ड्राइव्हमध्ये घालून बघितली. एकानेही तिला डिस्क म्हणून ओळखलं नाही.